सूट किती असावेत? नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचे लग्न लागले की नागपुरात लग्नसराई सुरू होते आणि त्याच सुमारास सुटांविषयीची विचारणाही वाढते. मी बरीच वर्षे कटिंगच्या टेबलाशी उभा राहून काम केले आहे, त्यामुळे ओळखीचे आणि अनोळखी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत मांडले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्यात पुन्हा सांगावा लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. थोडक्यात सांगा, एका पुरुषाच्या कपाटात किती सूट असावेत?

वर्षातून दहा-बारा वेळा सूट घालणाऱ्या नागपूरकराला दोन सूट पुरतात, एक गडद निळा आणि एक करडा. महिन्यातून तीन-चार वेळा बैठकी, परिषदा किंवा बाहेरगावचे दौरे असतील, तर तिसरा सूट शिवावा आणि तो मुद्दाम उन्हाळ्यासाठी शिवावा. रोज सूट घालावा लागणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १० मध्ये दिला आहे. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच सूट अंगावर चढत असेल, तर एकच पुरे.

आकडा ठरवण्यापूर्वी गेल्या वर्षीचे कॅलेंडर समोर घेऊन बसावे आणि सूट खरोखर किती वेळा घातला ते मोजावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेकांचा आकडा त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघतो. चार हलक्या सुटांच्या पैशात दोन उत्तम सूट होतात, ते अंगावर बसतात, दुरुस्त करता येतात आणि नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षे साथ देतात. या बाबतीत माझे मत ठाम आहे, आणि ग्राहकाने एका वेळी चार सूट शिवायला टाकण्यात माझा फायदा असतानाही मी ते सांगत आलो आहे.

२. एक चांगला सूट असताना दुसरा कशाला?

कारण आपल्याकडे प्रसंग एकटा येत नाही. संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी लग्न आणि त्याच रात्री लॉनवर स्वागत समारंभ, असा क्रम नेहमीचा आहे. पहिल्याच रात्री कोटावर भाजीचा डाग पडला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ड्रायक्लीनिंग होत नाही. शिवाय लोकरीच्या कापडाला एकदा घातल्यानंतर किमान एक दिवस मोकळा मिळाला पाहिजे. त्या वेळात घामाचा ओलावा निघून जातो, धागा पुन्हा पूर्वस्थितीला येतो आणि कोपरा-गुडघ्यांवरच्या चुण्या आपोआप बऱ्याच सैल होतात. सलग घातलेला एक सूट आणि आलटून-पालटून घातलेले दोन सूट यांत दोन सूट दुपटीहून अधिक काळ टिकतात, असा माझा अनुभव आहे.

३. ब्लेझर आणि वेगळ्या रंगाची पँट हा सूट धरायचा का?

नाही. कोट आणि पँट एकाच थानातून एकाच वेळी कापलेले असतील, तरच त्याला सूट म्हणावे. नंतर त्याच नंबरचे कापड आणून पँट शिवली, तरी रंगाईचा घाणा बदललेला असल्यामुळे छटेत फरक राहतो. दिव्याखाली तो लपतो, पण दिवसाच्या उजेडात लगेच डोळ्यांत भरतो. ब्लेझर उपयोगाचा कपडा आहे आणि तो कपाटात जरूर असावा. मोजणी मात्र वेगळी ठेवावी.

४. पहिला सूट काळा शिवला तर काय बिघडले? सगळीकडे चालतो ना?

सर्वाधिक आग्रह काळ्या रंगाचाच होतो आणि मी दर वेळी त्याविरुद्ध सल्ला देतो. काळा रंग रात्रीच्या समारंभात शोभतो, पण दुपारच्या उन्हात तो निर्जीव दिसतो, त्यावर धुळीचा प्रत्येक कण उठून दिसतो आणि इस्त्रीची चमकही लवकर चढते. नागपुरात आणखी एक अडचण आहे. येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, जिल्हा न्यायालय आहे आणि काळ्या कोटातील वकील रोज रस्त्यावर दिसतात. त्यामुळे पांढऱ्या शर्टावर काळा कोट घातलेला माणूस आधी वकीलच वाटतो.

गडद निळा रंग मुलाखतीला, साखरपुड्याला, कार्यालयीन समारंभाला आणि रात्रीच्या लॉनवरही चालतो, शिवाय गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर तो खुलतो. दुसरा सूट मध्यम किंवा कोळशी करडा असावा. दोन्ही साधे, बिनरेघांचे असावेत, कारण साधे कापड लोकांच्या लक्षात राहत नाही आणि तोच सूट वेगळ्या शर्ट-टायवर पुन्हा घालता येतो. चौकडी किंवा रेघा हव्याच असतील, तर तो विचार तिसऱ्या सुटाच्या वेळी करावा.

५. पंचेचाळीस डिग्रीत सूट घालायचा कसा? नागपूरला लोकरीचे कापड म्हणजे वेडेपणा नाही का?

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अक्षय्य तृतीयेचे मुहूर्त ऐन त्याच दिवसांत येतात, त्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे. लोकर म्हटले की स्वेटर डोळ्यांसमोर येतो. सुटाचे वरस्टेड कापड निराळे असते. त्यात लांब तंतू विंचरून, समांतर ठेवून, पीळ देऊन बारीक सूत काढलेले असते. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा अंगाला ओले न जाणवता शोषून घेतो. याउलट स्वस्त सुटांत सर्रास वापरले जाणारे पॉलिस्टर-व्हिस्कोजचे कापड घट्ट विणीचे असते, पॉलिस्टर घाम शोषत नाही आणि हवा आत-बाहेर होत नाही. उन्हाळ्यात जीव घाबरा करणारा सूट बहुधा याच कापडाचा असतो, आणि दोष मात्र सुटाच्या नावावर जमा होतो.

उन्हाळी सुटासाठी पूर्ण पन्ह्याच्या दर मीटर लांबीला साधारण २२० ते २६० ग्रॅम वजनाचे, साध्या विणीचे आणि जास्त पिळाच्या सुताचे वरस्टेड घ्यावे. कापड उजेडासमोर धरल्यास विणीतून उजेड दिसला पाहिजे, आणि तोंडाजवळ धरून फुंकर मारल्यास ती पलीकडे हाताला जाणवली पाहिजे. अस्तर पूर्ण न लावता फक्त खांदे, बाह्या आणि पाठीचा वरचा भाग एवढ्यापुरतेच ठेवायला सांगावे. अर्ध्या अस्तराने जेवढा फरक पडतो, तेवढा कापड आणखी हलके घेतल्याने पडत नाही. रंगात थोडी मोकळीक घेऊन फिकट करडा किंवा मातकट तपकिरी निवडावा.

लिननचाही पर्याय आहे. ते सर्वांत थंड असते, पण गाडीतून उतरेपर्यंत त्याच्या चुण्या होतात. त्या चुण्या ज्याला खपतात, त्याने ते अवश्य शिवावे. सुती कापडाविषयीही येथे आपुलकीने विचारतात, आणि ते साहजिक आहे, कारण जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी याच शहरात सुरू झाली आणि कापूस हा विदर्भाचा जीव आहे. जाडसर सुती ड्रिलचा सूट दिवसाच्या कार्यक्रमाला छान दिसतो. त्याचे गुडघे मात्र लवकर फुगतात, म्हणून तो तिसरा सूट असावा, पहिला नसावा.

खरे तर नागपूरचा सुटाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते आणि उघड्या लॉनवर कोट हवाहवासा वाटतो. त्यामुळे पहिले दोन सूट २६० ते ३०० ग्रॅमच्या कापडाचे शिवावेत.

६. दुकानदार सुपर १२०, सुपर १५० सांगतात. आकडा मोठा तेवढे कापड चांगले का?

हा आकडा फक्त तंतूची बारीकी सांगतो. सुपर १०० मध्ये तंतूचा सरासरी व्यास जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन असतो, सुपर १२० मध्ये १७.७५ आणि सुपर १५० मध्ये १६.२५. बारीक तंतूचे कापड मऊ आणि अंगावर सुंदर पडणारे असते, पण तितकेच नाजूक असते. स्कूटरच्या सीटवर घासून त्याची पँट लवकर विरते. दोनच सूट असतील, तर १०० ते १२० च्या दरम्यान थांबावे. त्यासाठी विलायती कापडच हवे असेही नाही. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर तालुक्यात बोरगाव लागते, तेथे रेमंडचा कारखाना आहे आणि देशी गिरण्यांचे वरस्टेड सीताबर्डीपासून गांधीबागेपर्यंत सगळीकडे मिळते. कापडाच्या किनारीवर लोकरीचे प्रमाण छापलेले असते ते वाचावे. टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली लोकर, घ्यायचे झाल्यास लोकर निम्म्याहून अधिक असावी.

७. शिवून घ्यावा की तयार घ्यावा?

दोन्ही मार्ग योग्य आहेत, पण पाहण्याच्या गोष्टी त्याच आहेत. पहिली गोष्ट खांदा. कंबर, बाहीची लांबी आणि पँटची उंची नंतर बदलता येते. खांदा आणि मुंढा बदलणे म्हणजे जवळजवळ कोट पुन्हा शिवणे असते. म्हणून तयार कोट घालताना आरशात आधी खांदा पाहावा. बाहीच्या वरच्या टोकाशी खळगा पडत असेल किंवा शिवण खांद्याच्या हाडाखाली उतरत असेल, तर कितीही सवलत असली तरी तो कोट परत ठेवावा.

दुसरी गोष्ट छातीच्या आतली. कोटाच्या पुढच्या भागाला आकार देण्यासाठी आत एकतर कॅनव्हास हाताने टाचलेला असतो किंवा फ्युजिंग, म्हणजे चिकट थराचे कापड, गरम दाबाने चिकटवलेले असते. कॅनव्हास हळूहळू अंगाचा आकार घेतो, फ्युजिंग स्वस्त पडते पण उष्णतेने सुटू शकते. माझ्या स्वतःच्या एका करड्या कोटाला लॉन्ड्रीत फार तापलेली इस्त्री लागली, छातीवर फुगे आले आणि ते पुन्हा कधीच बसले नाहीत. अवघ्या सहा वेळा घातलेला तो कोट बाजूला ठेवताना झालेली हळहळ अजून आठवते. त्यानंतर मी निदान छातीपुरता तरी कॅनव्हास असावा, असा आग्रह धरतो. परीक्षा सोपी आहे. खालच्या बटणाजवळ कोटाचे कापड आणि अस्तर चिमटीत धरून अलग ओढावे. मधे तिसरा, सुटा थर जाणवला तर आत कॅनव्हास आहे.

शिवून घेताना किमान एक ट्रायल कच्च्या टाक्यांवर झाली पाहिजे, आणि शक्य असेल तर दोन. मास्तरांना शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, ठेवायला स्पष्ट सांगावे. पँटच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या बाजूंना पुरेशी माया असली, तर वजन थोडे वाढले तरी नवा सूट शिवावा लागत नाही. दुहेरी पन्ह्याच्या, म्हणजे साधारण ५८ इंच रुंदीच्या कापडाची, सरासरी बांध्याला तीन ते सव्वातीन मीटर लांबी लागते. वेळेच्या बाबतीत एकच सांगतो, मार्गशीर्षातल्या लग्नासाठी दसऱ्याच्या आत कापड द्यावे. दिवाळीनंतर दिलेल्या कामात ट्रायल गाळली जाते आणि सूट बिघडण्याचे मुख्य कारण तेच असते.

८. एका कोटावर दोन पँट शिवाव्यात का?

जरूर शिवाव्यात. सूट बाद होतो तो बहुधा पँटमुळे, कारण बसण्या-उठण्याची सगळी झीज मांड्यांवर आणि सीटवर येते, तर कोट खुर्चीच्या पाठीवर आराम करीत असतो. दुसऱ्या पँटसाठी सव्वा मीटरच्या आसपास कापड जास्त लागते. त्या खर्चात सुटाचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. दोन्ही पँट आलटून-पालटून घालाव्यात आणि ड्रायक्लीनिंगला मात्र कोटासह एकत्र द्याव्यात, म्हणजे छटा सारखी राहते.

९. लग्नात नवरदेव म्हणून शिवलेला सूट या मोजणीत धरायचा का?

चकाकणाऱ्या कापडाचा, लॅपलवर, म्हणजे कॉलरखालच्या उलट्या पट्टीवर, साटीन लावलेला किंवा जरीची नक्षी असलेला सूट धरू नये, कारण तो पुन्हा घालण्याचे प्रसंग जवळजवळ येत नाहीत. माझी विनंती अशी आहे की, विधींसाठी धोतर, सोवळे किंवा शेरवानी जे हवे ते घ्यावे आणि स्वागत समारंभासाठी प्रश्न ४ मधला गडद निळा सूट उत्तम कापडात शिवावा. फुलांचा हार आणि नवा टाय यांनी तो त्या रात्री नवरदेवाचाच दिसतो आणि पुढे दहा वर्षे उपयोगी पडतो.

१०. माझ्या नोकरीत रोज सूट घालावा लागतो. मग किती?

पाच. आठवड्यात प्रत्येक सुटाची पाळी एकदाच येते, एखादा धुलाईला गेला तरी अडत नाही. पाचही एकदम शिवण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी दोन पँटसह दोन सूट, नंतर दर वर्षी एक, अशी वाढ करावी. पाचांपैकी किमान दोन उन्हाळी असावेत. वातानुकूलित कार्यालयात हिवाळी कापड चालते हे खरे, पण मे महिन्यात घरापासून कार्यालयापर्यंतचा प्रवासही त्याच कापडात करावा लागतो.

११. बंदगळा सूट म्हणून चालतो का?

चालतो, आणि त्याची शिफारस मी मनापासून करतो. कोट-पँट एकाच कापडाचे असतील, तर बंदगळ्याला मोजणीत पूर्ण सूट धरावे. १९५३ च्या नागपूर करारानंतर विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले; त्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बंदगळे आणि जाकिटे शहरभर दिसतात. टायची सवय नसलेल्या माणसाला तो अधिक शोभतो. दोन सुटांपैकी दुसरा बंदगळा केला तरी हरकत नाही. मानेशी तो घट्ट बसत असल्यामुळे उन्हाळ्यात मात्र त्याचा उपयोग नाही.

१२. मी वकील आहे. काळा कोट धरून मोजायचे का?

न्यायालयाचा कोट हा गणवेश आहे, त्याची मोजणी अगदी वेगळी ठेवावी. रोजच्या वापरासाठी असे दोन कोट असावेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते, पण ही सवलत सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांत लागू नाही. त्यामुळे खंडपीठात काम करणाऱ्यांनी दोनपैकी एक कोट प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे अर्ध्या अस्तराचा शिवावा. करड्या पँटला नियमांत परवानगी आहे, म्हणून अनेक जण घरच्या करड्या सुटाची पँट कोर्टात घालतात. तसे करू नये. पँट विरते, कोट नवा राहतो आणि दोन वर्षांत सूट मोडतो.

१३. पावसाळ्यात सूट कसे ठेवावेत? मागच्या वर्षी कसर लागली.

कसरीच्या अळ्या लोकर खातात आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेला भाग त्यांना आधी आवडतो. म्हणून हंगामाच्या शेवटी, होळीच्या सुमारास, सूट ड्रायक्लीन करूनच ठेवावा. लॉन्ड्रीची प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढून टाकावी, कारण जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तिच्या आत बुरशी धरते. त्याऐवजी सुती खोळ घालावी. हँगर खांद्याशी रुंद, लाकडी असावा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची घरोघरची पद्धत चांगली आहे, पण स्वच्छतेची जागा तो घेऊ शकत नाही. महिन्यातून एकदा उघडीप मिळाली की सूट सावलीत वाऱ्यावर टांगावा. कसरीने पाडलेले लहान भोक चांगला रफूगर त्याच कापडाच्या मायेतले धागे काढून भरतो. प्रश्न ७ मध्ये माया ठेवायला सांगितले, त्याचा हा आणखी एक उपयोग.

एरवी प्रत्येक वापरानंतर ड्रायक्लीनिंग करू नये. ब्रश फिरवावा, वाफ द्यावी. आठ-दहा वेळा घातल्यावर एकदा धुलाई पुरे. इस्त्री नेहमी ओलसर सुती फडक्यावरून करावी.

१४. वडिलांचा जुना सूट आहे. अंगावर बसवता येईल का?

खांदा जुळत असेल तर बहुतेक वेळा येतो. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पँटचा घोळ कमी करता येतो. कोटाची उंची मात्र फार कमी करू नये, कारण खिसे खाली राहून प्रमाण बिघडते. शिलाईला देण्यापूर्वी काखेखालचे आणि सीटवरचे कापड उजेडासमोर धरून पाहावे; ते जाळीदार दिसत असेल, तर खर्च करू नये. एका गृहस्थांनी १९७० च्या दशकातला वडिलांचा कोळशी कोट आणला होता. आतल्या खिशावर जुन्या मास्तरांनी शाईने लिहिलेली तारीख अजून वाचता येत होती आणि कापड आजच्या बऱ्याच कापडांपेक्षा दमदार होते. तेवढे अस्तर बदलले आणि तो कोट त्यांच्या दोनपैकी एका सुटाच्या जागी बसला.

१५. थ्री-पीस, डबल ब्रेस्टेड किंवा टक्सिडो कधी घ्यावा?

तीन सूट झाल्यानंतर. वास्कोट हिवाळ्यात उपयोगी पडतो, म्हणून हिवाळी सुटालाच जोडावा. डबल ब्रेस्टेड, म्हणजे पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला कोट बटणे लावूनच चांगला दिसतो, त्यामुळे येथे त्याचा काळ दोन महिन्यांचा. टक्सिडोची येथे गरज पडत नाही. कधी पडलीच, तर भाड्याने आणावा.

१६. मुलगा परदेशात शिकतो. पदवीदानाला जानेवारीत जायचे आहे, तिथल्या थंडीसाठी वेगळा सूट शिवू का?

एका प्रवासासाठी ३४० ग्रॅमचे जड कापड शिवू नये, कारण ते नागपुरात कपाटातच राहील. प्रश्न ५ मधला हिवाळी सूट, आत बिनबाह्यांचा पातळ लोकरी स्वेटर आणि वर तिकडे घेतलेला किंवा मुलाकडून मागून घेतलेला ओव्हरकोट पुरतो. सभागृहे आतून गरम असतात, तेथे जड सुटाचा त्रासच होतो. मुक्काम वर्षभराचा किंवा त्याहून अधिक असेल, तरच जड कापड घ्यावे. आणि तो सूट कोटाच्या मापाने थोडा सैल शिवावा, म्हणजे आत स्वेटर मावतो.